कपड्यातला माणूस रंगवायला शिकताना: झुर्बारानचं 'सेंट सेरापियन'

धूसर

मानवाकृती शिकणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. चेहरा जमतो, हातही बऱ्यापैकी येतात, पण अंगावरचा कपडा आला की सगळं फसतं. बाहीत हात आहे असं वाटत नाही, झग्याखाली गुडघा सापडत नाही, चुण्या मात्र ढीगभर. त्यावरच बोलायला हा धागा काढतोय. चुण्यांचे शेकडो फोटो जमवण्यापेक्षा कसलेल्या हाताचं एकच जुनं चित्र घ्यावं आणि ते पुरतं समजेपर्यंत सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी सुचवतोय ते चित्र म्हणजे सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को दे झुर्बारान याचं 'सेंट सेरापियन'. १६२८ सालचं, कॅनव्हासवर तैलरंगात, साधारण १२० बाय १०३ सेंटिमीटर. सध्या अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे. सेरापियन हा मर्सिडेरियन पंथाचा साधू. कैदेत पडलेल्या ख्रिश्चनांना खंडणी भरून सोडवून आणणं हे या पंथाचं काम. सेरापियन १२४० मध्ये हालहाल होऊन मेला. चित्रात त्याची दोन्ही मनगटं दोरांनी वर बांधलेली आहेत, मान खांद्यावर कलंडली आहे, डोळे मिटलेले आहेत. अंगावर रक्ताचा एक थेंब नाही. मागे अंधार, आणि पुढचं जवळजवळ सगळं चित्र एका पांढऱ्या झग्याने व्यापलेलं. स्पेनमधल्या सेव्हिलच्या मठात साधूंचे मृतदेह दफनाआधी ज्या दालनात ठेवत, त्या दालनासाठी हे चित्र काढलं होतं. या माणसात आता बळ उरलेलं नाही हे आपल्याला चेहऱ्याच्याही आधी त्या झग्याच्या वजनावरून कळतं. म्हणूनच शिकायला हे चित्र मला इतकं मोलाचं वाटतं. इथे कपडा सजावटीला नाही, सगळी गोष्ट तोच सांगतोय.

झुर्बारानचे वडील कापडाचे व्यापारी होते. घरातच कापड असलेल्या या माणसाने पुढे जन्मभर लोकर, रेशीम, गोणपाटासारखी जाडीभरडी वस्त्रं अशी काही रंगवली की लांबूनही कापडाचा पोत ओळखू यावा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतला त्याचा ध्यानस्थ संत फ्रान्सिस बघा, फाटक्या, ठिगळं लावलेल्या झग्यातला. सेरापियन निवडण्याचं कारण असं की इथे रंगाची भानगडच नाही. कापड एक, रंग एक, प्रकाश एका बाजूने. उरतो तो फक्त आकार.

आता मुद्द्याचं. चुणी ही स्वतंत्र वस्तू म्हणून रंगवायला गेलं की ती खोटी होते. प्रत्येक चुणीला एक कारण असतं आणि ते कारण चित्रात सापडलंच पाहिजे. कापड कुठेतरी टांगलेलं असतं, कुठेतरी ताणलेलं असतं, कुठेतरी अडून साचलेलं असतं. सेरापियनच्या झग्यात हे तिन्ही प्रकार वेगवेगळे ओळखता येतात. हात वर बांधल्यामुळे झग्याचा सगळा भार दोन्ही हातांवर आलाय. तिथून कापड खाली येतं ते उभ्या, जड, खोल चुण्यांनी. दोन हातांच्या मधे, छातीवर, कापडाला दोन टोकांचा आधार आहे, त्यामुळे तिथे झोळ पडतो. आणि शरीर खाली ओघळल्यामुळे जिथे कापडाला पुढे जायला जागा नाही, तिथे ते दुमडून साचलंय.

माझी पद्धत सांगतो. चित्राची मोठी प्रिंट घ्या, वर ट्रेसिंग पेपर टाका आणि पहिल्यांदा फक्त आधाराच्या जागांवर ठिपके द्या. मनगट, कोपर, खांदा, छातीचा उंचवटा. मग प्रत्येक मोठ्या चुणीवर बोट ठेवून विचारा, ही कुठून निघाली? चुणीची रेघ मागे मागे वाढवत नेली की ती यातल्या एखाद्या ठिपक्याला जाऊन भिडते. ज्या चुणीचा उगम सापडला नाही ती रंगवायची नाही, आधी तो शोधायचा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण यात घालवलेल्या एका संध्याकाळीने पुढचे कितीतरी कॅनव्हास वाचतात.

त्यानंतरच रंगाला हात लावायचा. त्याबद्दल निळाईताईंनी लिहावं अशी विनंती, पांढऱ्यात त्यांचा हात धरणारं इथे कुणी नाही.


अबोली

वाचूनच प्रिंट काढायला टाकली! एक शंका आहे. कपड्याआधी आतलं शरीर पूर्ण काढायचं का? मला शरीररचना अजून कच्चीच येते. मग आधी दोन वर्षं तेच शिकावं आणि कपड्याकडे नंतर वळावं, असं तर नाही ना? आणि सेरापियनच्या झग्याखाली तसं पाहिलं तर काहीच दिसत नाही. मग आत काय आहे ते कळणार कसं?


रेघोट्या

अबोली, दोन वर्षं थांबायची काहीच गरज नाही. दोन्ही गोष्टी बरोबरच शिकता येतात, किंबहुना कपड्यामुळे शरीर जास्त चांगलं कळतं.

आधी शरीर, मग वस्त्र, ही शिकवण फार जुनी आहे. १४३५ मध्ये इटलीच्या अल्बर्टीने चित्रकलेवर ग्रंथ लिहिला त्यात हे स्पष्ट सांगितलंय: वस्त्रातली आकृती काढायची तर आधी ती विवस्त्र काढा आणि मग तिला कपडे घाला. साडेतीनशे वर्षांनंतरही चित्रकार तेच करत होते. फ्रेंच चित्रकार दाविदने राज्यक्रांतीच्या सुरुवातीच्या काळात टेनिस कोर्टातल्या शपथेचं प्रचंड चित्र काढायला घेतलं आणि ते अर्धवट राहिलं. तो कॅनव्हास व्हर्सायला आहे. त्यात काही चेहरे पूर्ण रंगवलेले आहेत आणि खालची शरीरं नुसती नग्न रेखाटलेली. कोट, पाटलोणी सगळं नंतर चढणार होतं. अर्धवट राहिलेल्या चित्रातून शिकायला मिळतं तेवढं कधीकधी पूर्ण झालेल्यातूनही मिळत नाही.

पण 'आतलं शरीर' याचा अर्थ एकेक स्नायू असा घ्यायचा नाही. तुला लागतात त्या मोजक्या गोष्टी: खांद्यांची रेघ कुठे झुकलीय, छातीचा पिंजरा कुठल्या दिशेला वळलाय, कमरेचा भाग त्याच्या तुलनेत कसा आहे, कोपर आणि गुडघे कुठे आहेत. एवढं कळलं की कापडाला टेकायला जागा मिळाली.

सेरापियनमध्ये काही दिसत नाही म्हणतेस ते अर्धं खरं. हात दिसतात, मनगटं दिसतात, डोकं दिसतं. मनगटापासून खांद्यापर्यंतचं अंतर आपल्याला आपल्याच शरीरावरून माहीत आहे. आरशासमोर उभी राहा, दोन्ही हात त्याच्यासारखे वर धर, आणि सगळं अंग सैल सोडून बघ. खांदे कानांकडे सरकतात, छाती खाली ओढली जाते, मान आपोआप पडते. आता पुन्हा चित्राकडे बघ. झग्यातलं शरीर दिसायला लागेल.


निळाई

धूसर, एवढ्या विश्वासाने बोलावलंत, आता लिहिलंच पाहिजे.

पांढरं कापड रंगवताना सर्वात आधी पांढरा रंग दूर ठेवायचा. सेरापियनची प्रिंट समोर ठेवा आणि पांढऱ्या कागदाला लहानसं भोक पाडून त्यातून झग्याचा एकेक तुकडा बघा. आजूबाजूचं दिसेनासं झालं की कळतं, ज्याला आपण पांढरा म्हणत होतो त्यातला बराचसा भाग करडा आहे, काही भाग तर चक्क तपकिरी. खरा लखलखीत पांढरा अगदी थोड्या जागी आहे. ज्या कडा थेट प्रकाशाच्या तोंडावर आहेत, तेवढ्याच. त्या थोड्या जागांमुळे बाकी सगळा करडा आपल्या डोळ्यांना पांढरा वाटतो.

मी पॅलेटवर पाच ढीग करते. टायटॅनियम व्हाइट, रॉ अंबर (मातकट तपकिरी), थोडा आयव्हरी ब्लॅक, चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा), एवढंच साहित्य. सर्वात उजळ ढिगातही किंचित ऑकर असतो, आणि निव्वळ पांढरा मी पॅलेटच्या कोपऱ्यात वेगळा ठेवते, शेवटच्या काही स्पर्शांसाठी. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की निळसर करडा मिळतो, अंबर घातला की तो उबदार होतो. या दोघांच्या प्रमाणावर सगळा खेळ आहे. उजेडाकडच्या मध्यछटा जरा थंड आणि खोल सावल्या उबदार, असं ठेवलं की कापडाला जीव येतो.

सावल्या उबदार का, तेही सांगते. पांढरं कापड स्वतःच प्रकाश फेकतं. चुणीच्या उजळ बाजूवर पडलेला प्रकाश उसळून समोरच्या काळोख्या बाजूवर जातो. त्यामुळे चुणीच्या आत कधीच मिट्ट काळोख नसतो, फक्त जिथे दोन कडा अगदी चिकटतात तिथे एक अरुंद गडद फट दिसते. शिकणारे नेमकं उलटं करतात. सगळी सावली एकसारखी काळी करतात, मग कापड भोकाभोकांचं दिसतं.

कॅनव्हास आधी मातकट तपकिरी करून घ्या. सेव्हिलच्या चित्रकारांमध्ये नदीकाठच्या मातीचं अस्तर देण्याची पद्धत होती. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर पांढरा झगा रंगवायला गेलं तर तुलना करायला काहीच मिळत नाही. तपकिरी जमिनीवर, म्हणजे या अस्तरावर, पहिला करडा लावला तरी तो उजळ वाटतो, आणि हात आपसूक जपून चालतो. सावल्यांमध्ये ही जमीन पातळ रंगातून थोडी दिसू द्यायची, उजेडात रंग जाड लावायचा.


मुक्तछंद

मला थोडं वेगळं म्हणायचंय. चित्र महान आहे, वादच नाही. पण नवख्यासाठी ते योग्य आहे का? इतका मोठा झगा, इतका सूक्ष्म टोनचा, म्हणजे उजळ-गडद छटांचा, खेळ. आणि सगळं पांढऱ्यात शिकल्यावर लाल घागरा किंवा निळा कोट आला की माणूस पुन्हा अडणार.

मी डच चित्रकार व्हर्मीरची 'दूध ओतणारी' सुचवेन. ॲम्स्टरडॅमच्या रिक्समुझियममध्ये आहे, साधारण १६६० ची, जेमतेम ४५ बाय ४१ सेंटिमीटर. संग्रहालयाने तिची प्रतिमा इतकी मोठी आणि स्पष्ट ठेवलीय की चोळीच्या शिवणीसुद्धा मोजता येतात. एकाच आकृतीत जाड पिवळी चोळी, कोपरापर्यंत वर सारलेल्या बाह्या, खोचलेला निळा एप्रन, खाली जड लाल घागरा. चार कपडे, चार स्वभाव.

आणि नक्कल करण्याबद्दलही एक भीती आहे. चार-सहा महिने एकाच गुरूच्या चित्रामागे लागलं तर आपला हात त्याचाच होऊन बसत नाही का?


धूसर

मुक्तछंद, व्हर्मीरबद्दल सहमत, पण दुसरा धडा म्हणून. रंग आणि आकार दोन्ही एकदम शिकायला घेतले तर बिघाड कशात आहे हेच कळत नाही. आधी एका रंगात आकार पक्का करा, मग चोळीकडे या.

अख्खा सेरापियन रंगवायला मी सांगतही नाही. एक हात आणि त्यावरून खाली येणारा झगा, एवढा तुकडा पुरे. पाठ्यपुस्तकातलं एकच पान, पण पाठ.

नकलेच्या भीतीबद्दल एक खरी घटना सांगतो. ज्या १६२८ साली झुर्बारान सेव्हिलला सेरापियन रंगवत होता, त्याच वर्षी फ्लेमिश चित्रकार रुबेन्स माद्रिदला पोचला. त्याचं वय पन्नाशी ओलांडलेलं, युरोपभर नाव झालेलं. त्याने स्पेनच्या राजाच्या संग्रहातल्या, आधीच्या शतकातल्या इटालियन चित्रकार तिशियनच्या चित्रांच्या नकला करायला घेतल्या. त्यातलं 'ॲडम आणि ईव्ह' आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, तिशियनचं मूळही तिथेच. शेजारी ठेवून पाहिली तर रुबेन्सने काय केलं ते दिसतं. ॲडमची बसण्याची ढब बदलली, एक पोपट आणून बसवला, अंगाचे रंग आपले वापरले. नक्कल करताना तो तिशियनशी बोलत होता, प्रसंगी वादही घालत होता. ज्याला स्वतःचं काही म्हणायचंय त्याचा हात नकलेने हरवत नाही, उलट त्याला शब्द मिळतात.

फक्त नक्कल आहे हे चित्राच्या मागे लिहून ठेवा आणि आकार मुळाएवढा ठेवू नका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांनाही आकाराचा हाच नियम आहे.


मुक्तछंद

पटलं. पोपटाचं माहीत नव्हतं, आता दोन्ही चित्रं शेजारी लावून बघतो.

रंगीत कापडाबद्दल एक गोष्ट मात्र इथेच नोंदवतो, कारण ती मला फार उशिरा उमगली आणि मला ती अतिशय सुंदर वाटते. निळाईताईंनी सांगितलं की पांढऱ्या चुणीत प्रकाश उसळतो. रंगीत कापडात तो उसळताना रंग घेऊन जातो. पिवळ्या कापडावर पडलेला प्रकाश पिवळा होऊन समोरच्या बाजूवर आदळतो, तिथून परत येताना आणखी पिवळा होतो. म्हणून चुणीच्या खोबणीत रंग मळकट होत नाही, तो अधिक गडद आणि अधिक रसरशीत होतो. पिवळा नारिंगीकडे सरकतो, लाल आणखी तापतो. आपण मात्र सावली म्हटली की सवयीने काळा मिसळतो आणि कापड मेलेलं दिसतं. दूधवालीच्या चोळीत आणि घागऱ्यात हे शोधून बघा.

आणि तिच्या पाठीच्या कडेने गेलेली बारीक पांढरी रेघ. खऱ्या जगात अशी रेघ नसते. आकृती भिंतीपासून सुटी व्हावी म्हणून व्हर्मीरने ती ओढली. नुसतं बघून उतरवणारा माणूस हे करणार नाही, चित्राची गरज ओळखणाराच करेल.


काळाकरडा

मी डिजिटल काम करतो. टॅबलेटवर चुण्या केल्या की नेहमी गुळगुळीत, फुग्यासारख्या होतात. ब्रश बदलून पाहिले, टेक्स्चर लावून पाहिलं. तैलरंगातलं हे सगळं आम्हाला लागू पडतं का?


निळाई

पूर्ण लागू पडतं, काळाकरडा. तुमची अडचण ब्रशची नसून कडांची आहे. मऊ ब्रशने सगळ्या कडा सारख्याच मऊ होतात आणि कापडात तसं कधीच नसतं.

सेरापियनच्या हातावरून निघालेली कुठलीही एक मोठी चुणी घ्या आणि वरून खाली तिचा प्रवास बघा. जिथे ती आधारापासून सुटते तिथे ती अरुंद आणि धारदार आहे, उजेड आणि सावली यांच्यामधली सीमा सुरीने कापल्यासारखी. थोडं खाली आल्यावर कापड मोकळं होतं, चुणीची पाठ गोल होते, आणि तीच सीमा रुंद, मऊ मध्यछटेत विरते. पण त्याच चुणीची सावली शेजारच्या कापडावर पडते, तिची कड मात्र पुन्हा टोकदार असते. म्हणजे एकाच चुणीच्या एका बाजूला मऊ कड आणि दुसऱ्या बाजूला कडक कड. आणखी खाली चुणी पसरते, उथळ होते आणि कुठे संपली ते सांगता येत नाही.

गोलाईमुळे आलेली सावली मऊ, एका वस्तूची दुसऱ्यावर पडलेली सावली कडक. एवढं एक सूत्र हाताला लागलं तरी फुगे नाहीसे होतील. तुम्ही कडक ब्रशच घ्या, तीनच टोन ठेवा, सगळे आकार आधी टोकदार काढा. मग जिथे खरंच गोलाई आहे तिथल्याच कडा मिसळा. जेमतेम एक तृतीयांश कडा मिसळाव्या लागतात असा माझा अनुभव.


काळाकरडा

एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला कडक. हे मी कधी बघितलंच नव्हतं आणि आता सगळीकडे तेच दिसतंय, स्वतःच्या शर्टाच्या बाहीवरसुद्धा. मनापासून आभार, निळाईताई.


ओंजळ

जलरंगवाल्यांना वाऱ्यावर सोडू नका हो! आम्हाला पांढरा वरून लावता येत नाही, तपकिरी जमीनही करता येत नाही. काय करायचं?


निळाई

तुमच्याकडे क्रम उलटा, तत्त्व तेच. कागदाचा पांढरा म्हणजे आमचा कोपऱ्यातला राखून ठेवलेला पांढरा. त्या जागा पेन्सिलने आधीच हलक्या आखून घ्या आणि बाकी सगळ्या झग्यावर अगदी फिकट उबदार करड्याचा एकच हात फिरवा. तो पूर्ण वाळू द्या. मग सावलीचा एकच मोठा, जोडलेला आकार. कडक कड हवी तिथे कोरड्या कागदावर, मऊ हवी तिथे पाण्याच्या ब्रशने ओढून. तिसरा हात फक्त फटींसाठी. त्यापुढे गेलात तर सावली मळते. मागचा अंधार मात्र लवकर घाला, नाहीतर झग्याचे सगळे टोन भीतभीत लावले जातील.


रेघोट्या

चित्रावरून शिकताना खरं कापडही समोर असावं, हे कुणी अजून म्हटलेलं नाही म्हणून लिहितो.

चित्रकारांचा चरित्रकार व्हसारी लिहितो की तरुण लिओनार्दो मातीचे पुतळे करायचा, त्यांवर गाऱ्यात भिजवलेली मऊ फडकी पांघरायचा आणि ती घट्ट बसली की बारीक विणीच्या जुन्या कापडावर ब्रशने त्यांचे अभ्यास करायचा. तसे काही अभ्यास लूव्रमध्ये आहेत, करड्या रंगाच्या जमिनीवर फक्त काळा-पांढरा. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं गुडघ्यावरून ओघळणारं वस्त्र. पण कुणीतरी बसलंय यात तिळमात्र शंका येत नाही. फडकी गाऱ्यात भिजवण्यामागे साधी गरज आहे: मॉडेल हललं की चुण्या बदलतात, वाळलेलं फडकं हलत नाही.

आणि ज्यांना पुतळाबितळा जमणार नाही त्यांनी जर्मन चित्रकार ड्युररच्या उशा बघाव्यात. १४९३ चा कागद, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. एका बाजूला त्याचं स्वतःचं चित्र, एक हात आणि एक उशी. मागच्या बाजूला आणखी सहा उशा, प्रत्येक वेगळी दाबलेली, पिळलेली, कोचे पाडलेली. जेमतेम बाविशीचा पोरगा, आणि उशी दाबून दाबून बघतोय की कापड कसं वागतं! मला तो कागद बघताना दरवेळी उत्साह येतो.

तर, एक चादर घ्या. एका खिळ्याला अडकवा, चुण्या त्या एका बिंदूपासून खाली पसरत जातात. दोन खिळ्यांना अडकवा, मधे झोळ पडतो आणि एकाखाली एक कमानी दिसतात. चादर धाग्याच्या दिशेने धरलीत तर कडक पडते, तिरकी धरलीत तर मऊ, वाहती पडते, कारण विणीला तिरक्या दिशेने ताण घेता येतो. जाड कापडात चुण्या थोड्या आणि मोठ्या, पातळात पुष्कळ आणि बारीक. हे चारही प्रयोग एका दिव्याखाली करून पाहिलेत की सेरापियनचा झगा वाचता येतो.


अबोली

रेघोट्याकाका, चादर दोन खिळ्यांवर टांगली आणि शेजारी प्रिंट लावली. धूसर यांनी सांगितलेले ठिपके आधीच दिले होते. आता तुकडा घेतलाय तो एका मनगटापासून छातीवरच्या त्या छोट्या ढालीच्या बिल्ल्यापर्यंतचा. रॉ अंबरने पातळ थर देऊन उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढल्या. चुण्यांचे उगम सापडले, टोनही बरे जुळलेत. पण लांबून बघितलं की झगा तुकड्यातुकड्यांचा वाटतो. प्रत्येक चुणी छान, एकत्र मात्र काहीतरी चुकतंय. काय बघू?


धूसर

अबोली, ठिपके आणि पुसून काढलेला उजेड ही सुरुवात एकदम बरोबर आहे. तुकडे वाटण्याचं कारण बहुधा हे: प्रत्येक चुणीला तू पूर्ण पल्ला दिलास. सगळ्यात उजळपासून सगळ्यात गडदपर्यंत, प्रत्येकीत.

झुर्बारान असं करत नाही. डोळे अगदी बारीक करून चित्र बघ. झग्याचे दोनच मोठे भाग उरतील, एक प्रकाशातला, एक सावलीतला. आता प्रकाशातल्या भागात शिर आणि तिथली सगळ्यात गडद खोबण शोध. मग सावलीतल्या भागात जाऊन तिथली सगळ्यात उजळ कड शोध. भोक पाडलेल्या कागदातून दोन्ही शेजारी शेजारी ताडून बघ. अरुंद फटी सोडल्या तर प्रकाशातला गडद हा सावलीतल्या उजळापेक्षा उजळच राहतो. ही शिस्त त्याने सबंध झग्यात पाळलीय. त्यामुळे एवढ्या चुण्या असूनही झगा एकच राहतो, आणि त्या झग्यातला माणूसही एक.

म्हणून आता लहान ब्रश ठेवून दे. तुझ्याकडचा सगळ्यात रुंद ब्रश घे, सावलीच्या संपूर्ण भागावरून मधल्या करड्याचा पातळ हात फिरव. तिथल्या चुण्या अर्ध्या बुडू देत. जीव तुटेल, कारण मेहनतीने केलेल्या असतात, पण बुडू देत. मग फक्त दोन-तीन मोठ्या चुण्या पुन्हा वर काढ. कोणत्या काढायच्या ते ठरवताना तुझे सुरुवातीचे ठिपके बघ. ज्या थेट मनगटापासून किंवा खांद्यापासून निघतात त्या ठेव, बाकीच्या जाऊ देत.


अबोली

केलं. अर्ध्या चुण्या गेल्या आणि झगा एकदम जड झाला! आता बाहीत हात आहे असं वाटतंय. बिल्ल्याभोवती अजून गोंधळ आहे, तिथे कापड सपाट दिसतंय.


रेघोट्या

तिथे कापड मागून छातीला टेकलेलं आहे, म्हणून चुण्या कमी आणि लांब चालणारे, हळू बदलणारे टोन जास्त. बिल्ला हा तिथला फार उपयोगी खुणेचा दगड आहे. तो छातीच्या वळणाप्रमाणे किती तिरका झालाय ते मोजून काढ. तो सरळ समोरून पाहिल्यासारखा काढलास तर खालची छाती सपाट होणारच. आधी बिल्ल्याचा कल, मग त्याच्या भोवतीचे दोन टोन, चुण्या सर्वात शेवटी.


मुक्तछंद

अबोलीचं हे झालं की याच पद्धतीने दूधवालीच्या बाहीचा तुकडा घेऊ या का सगळे मिळून? बाही वर सारल्यामुळे कोपरापाशी कापड साचलंय, आणि सेरापियनमध्ये नेमका हाच प्रकार कमी आहे. मी रिक्समुझियमच्या प्रतिमेतून तेवढा भाग मोठा करून ठेवतो. धूसर, ठिपके कुठे द्यायचे ते आधी प्रत्येकाने स्वतः ठरवायचं आणि मगच ताडून बघायचं, चालेल?


धूसर

चालेल, आणि रंग नंतर. पहिल्या फेरीत सगळ्यांनी फक्त रॉ अंबर वापरायचा.